ईदच्या दिवशी यतीमखाना रिकामा असतो

(विंचूर येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा: परदेशात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी यतीम मुलांबरोबर ईद कशी साजरी करावी. मी मौलाना नाही, वकील नाही, समाजसेवकही नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. पण हा विषय माझ्या घरातून गेलेला आहे, म्हणून हो म्हटलं.

विंचूर आणि लासलगावच्या किती घरांतली माणसं बाहेर आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. शारजा, दोहा, कुवेत, रियाध. रमजान लागला की तिकडून फोन सुरू होतात. जकात कुणाला द्यायची, यंदा फित्रा किती, मशिदीच्या रंगकामाचं काय झालं. आणि गेल्या काही वर्षांत एक नवी फर्माईश आली आहे: "यतीमखान्यातल्या मुलांबरोबर ईद करायची आहे, एखादी संस्था बघा." म्हणजे काय, तर एक हॉल, बिर्याणीच्या देगा, एकाच रंगाचे कुर्ते घातलेली मुलं, समोर मोठा पडदा आणि पडद्यावर तिकडून हात हलवणारं कुटुंब. असे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. ते करणाऱ्यांच्या मनात खोट असते असं मी अजिबात म्हणणार नाही. 2024 च्या रमजानमध्ये माझ्या सख्ख्या बहिणीने, आपाने, शारजाहून मला हेच सांगितलं होतं. बजेट ठरलेलं, 80 हजार रुपये. मुलं साधारण चाळीस हवीत.

आपाला हे का करायचं होतं, ते आधी सांगतो. आमचे अब्बा वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आपा बारा. अम्मी कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. त्या वर्षीच्या ईदला आपाने शेजारच्या मुलीचा जुना ड्रेस घातला होता आणि मुलीने तो सगळ्यांसमोर ओळखला. एवढंच झालं. पण पंचवीस वर्षं ती गोष्ट आपाच्या डोक्यातून गेलेली नाही. त्यामुळे तिला चाळीस मुलांना नवे कपडे द्यायचे होते, आणि ते अंगावर घातलेले डोळ्यांनी बघायचे होते. या इच्छेला नावं ठेवणारा मी कोण?

मी जिल्ह्याबाहेरच्या एका संस्थेत फोन केला. संस्थेचं नाव घेत नाही, त्यांना प्रसिद्धी नको आहे. अधीक्षक एक बाई आहेत, आवाज कडक. मी सगळा कार्यक्रम सांगितला. त्यांनी विचारलं, "किती मुलं हवीत?" मी म्हटलं, सगळीच बोलवा. त्या म्हणाल्या, "ईदच्या दिवशी सगळी नसतात. अडतीस मुलं आहेत, त्यातली एकतीस घरी जातात. सात राहतात."

मी विचारलं, घरी म्हणजे?

"घरी म्हणजे आईकडे, नानीकडे, चाचाकडे. यतीम आहेत ती, आभाळातून पडलेली नाहीत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. "तुमच्या पडद्यासमोर चाळीस मुलं हवी असतील तर मला त्यांना थांबवावं लागेल. काही ठिकाणी थांबवतात. देणगीदार नाराज झाला तर वर्षभराचं धान्य जातं, म्हणून थांबवतात. तिकडे पोराची आई वाट बघत बसते."

म्हणजे आमच्या ईदसाठी एकतीस आयांची ईद जाणार होती.

आता जरा शब्दाकडे बघू. मराठीत अनाथ म्हणजे ज्याला कोणी नाही तो. आपण यतीम या शब्दाचं भाषांतर अनाथ असं करून टाकतो. पण आपल्या परंपरेत यतीम म्हणजे ज्याचे वडील त्याच्या वयात येण्याआधी वारले ते मूल. आई असली तरी ते यतीमच. पैगंबर मुहम्मद (स.) जन्मले तेव्हा त्यांचे वडील अब्दुल्लाह हयात नव्हते. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले आणि मग चाचा अबू तालिब यांनी त्यांना सांभाळलं. या क्रमात बघा, आई, दादा, चाचा. दर वेळी एक घर आहे. सांभाळणारं माणूस बदललं, पण मूल घरातच वाढलं.

आपण हा क्रम विसरलो आणि यतीम म्हटलं की थेट इमारत आठवायला लागली. आपल्या गल्लीत एखाद्याचा इंतकाल झाला की चाळिसाव्याच्या आत कोणीतरी सुचवतोच, "दोन पोरांना यतीमखान्यात टाका, खाण्या-शिकण्याची सोय होईल." अम्मीलाही सांगितलं होतं. जागाही बघून ठेवली होती, फार लांब. अम्मीने एकच विचारलं: "वहाँ उनको रात को कौन उठाएगा?" मला झोपेत चालायची सवय होती. कोणाकडे उत्तर नव्हतं आणि आम्ही विंचूरमध्येच राहिलो.

ही फक्त आपल्या समाजाची गोष्ट आहे असंही नाही. जगभरात जिथे जिथे पाहणी झाली, तिथे हेच दिसलं की अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान त्यांच्यापैकी एक जण, हयात असतो. मुलाला तिथे आणते ती गरिबी. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पालकांच्या छायेबाहेरच्या मुलांबद्दल ठराव केला. त्यात अनाथालयांना भेटी देणाऱ्या पर्यटनावर आणि स्वयंसेवेवर बोट ठेवलं आहे. कारण सोपं आहे. भेट देणाऱ्यांचा पैसा वाढला की मुलांची मागणी वाढते, आणि मग मुलं शोधून आणली जातात. नेपाळ आणि कंबोडियात असंच झालं, आणि तिथे पैसा ओतणारे लोक मनाने चांगलेच होते.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. मनमाड जंक्शन इथून तासाभरावर आहे. 30 मे 2023 रोजी दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून बिहारची 59 मुलं उतरवली गेली, काही भुसावळला, काही मनमाडला. ती पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच शिक्षकांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, ते जवळपास महिनाभर कोठडीत होते. मुलं बारा दिवस नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत राहिली. पुढे 2024 मध्ये पोलिसांनीच प्रकरण बंद केलं. गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला, असं त्यांचं म्हणणं.

त्या शिक्षकांवर अन्याय झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपण त्यावर बोललो, लिहिलं, ते बरोबरच केलं. पण त्याच बातमीत आणखी एक गोष्ट होती, ती आपण पटकन ओलांडून गेलो. आठ-नऊ वर्षांची मुलं शिकण्यासाठी दीड हजार किलोमीटरवर का जात होती? त्यांच्या गावात काय नव्हतं? हा प्रश्न पोलिसांनी विचारला तर संशयाने विचारतात. आपण विचारला तर मायेने विचारू शकतो. तेव्हा तो आपणच विचारलेला बरा.

परत आपाकडे येतो. मी तिला फोनवर सगळं सांगितलं. ती चिडली. म्हणाली, "तू हर चीज़ में बग निकालता है." दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो थेट हिशेबाचा: एकतीस मुलांच्या घरी जाण्या-येण्याला किती लागतील?

यातली अडचण मला अधीक्षक बाईंनी समजावून दिली होती. लहान मुलांना नेण्यासाठी आईलाच यावं लागतं. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तरी येणं-जाणं मिळून दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून काही आया ईदला मुलाला न्यायला येतच नाहीत, फोनवर रडून घेतात. एकतीस मुलं घरी जातात हा त्या बाईंचा पराक्रम होता. दर वर्षी त्या कुणाकडून तरी भाडं जमवत असत. त्या वर्षी ते आपाने दिलं, वर बुडालेल्या मजुरीचे पैसेही. सोबत प्रत्येक घराला शेवया, खजूर, साखर, काजू-चारोळी आणि दुधासाठी रोख. म्हणजे शीरखुर्मा आईने करायचा, तिच्या चुलीवर, तिच्या हातचा.

कपड्यांवर मात्र आपा अडून बसली. कपडे द्यायचेच. फक्त एकसारखे नको म्हणाली. बाईंनी मुलांना विचारून यादी पाठवली, नावाशिवाय. वय, माप, रंग, आणि शेवटच्या रकान्यात काय हवं ते. एका अकरा वर्षांच्या मुलाने लिहिलं होतं, "जीन्स, पण खिसे खरे पाहिजेत." माझी भाची शारजात बसून ती यादी वाचत होती. मला म्हणाली, "मामू, मलाही नकली खिसे आवडत नाहीत." आपा हसली नाही. तिने दुकानदाराला फोन लावून खिशांबद्दल विचारलं.

त्यांची ईद 10 एप्रिलला झाली, आपली 11 ला. जे सात जण संस्थेत राहिले त्यांच्याकडे आपाच्या सासरची माणसं नमाजनंतर गेली. सगळ्यांचे फोन ऑफिसच्या कपाटात. बाईंचा नियमच आहे आणि तो कायद्याला धरून आहे. बाल न्याय कायदा 2015 मधलं कलम 74 असं आहे की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कुठल्याही माध्यमात देता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण स्टेटसला जे टाकतो ना, मुलाच्या हातात पाकीट आणि खाली देणाऱ्याचं नाव, त्याचा विचार या कलमासमोर ठेवून करा. भाचीने विचारलं, "मग आम्हाला काय दिसणार?" काहीच नाही. तिला ते पटलं नाही. तेरा वर्षांची आहे, पटेल हळूहळू.

आणखी एक, संस्था निवडताना नोंदणी बघा. याच कायद्याच्या कलम 41 प्रमाणे अशा मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी लागते. ती धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीपेक्षा वेगळी. मुलाला ठेवायचं की घरी पाठवायचं हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते. कागद नसलेल्या संस्थेला पैसे पाठवणं म्हणजे उद्या तिथल्या मुलांना मनमाडसारख्या एखाद्या फलाटावर उभं करणं.

आमच्या क्षेत्रात एक गंमत असते. नवीन फीचर दाखवलं की टाळ्या पडतात. जुनं सॉफ्टवेअर रात्री-बेरात्री चालू ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही. बाईंनी हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं: "ईदला पाच देगा येतात, पोरांची पोटं बिघडतात. मोहरमपासून पुढे कोणी फिरकत नाही."

कपडे, भाडं, सामान सगळं धरून आपाचे निम्म्याहून थोडे जास्त पैसे खर्च झाले. उरलेल्यांचं काय करायचं, तर मी म्हटलं, कागद करू. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आई किंवा वडील गेलेलं, अठरा वर्षांच्या आतलं मूल कुटुंबातच राहत असेल, तर 2023 पासून त्याला महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आधी 1,100 होते, त्याआधी 425. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आहे, महिन्याला 4,000 रुपये. त्याला उत्पन्नाची अट आहे, खेड्यात वर्षाला 72 हजार आणि शहरात 96 हजारांपर्यंत. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने 5 लाखांची मुदत ठेव ठेवली. हे सगळं आपल्यापैकी किती जणींपर्यंत पोचलं? इद्दतीत बसलेल्या बाईला कोण सांगणार की आत्ताच मृत्यूचा दाखला नीट बघून घे?

कारण सगळं त्या दाखल्यावर अडतं. मृत्यूच्या दाखल्यावर "शेख युसूफ", आधारवर "युसुफ शेख", रेशनकार्डावर तिसरंच काही. आपल्या नावांचं हे दुखणं तुम्हाला माहीत आहे. त्याशिवाय शाळेचा बोनाफाइड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचं बँक खातं, घरासमोर उभं राहून काढलेला मुलाचा आणि आईचा फोटो. मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून गृहभेट, मग बालकल्याण समितीचा आदेश. मी एक साधी एक्सेल शीट केली, बस. नऊ आयांचे अर्ज आम्ही भरले. पाच मंजूर झाले. पैसे दर महिन्याला वेळेवर येतात असं समजू नका, तीन-चार महिने थकतात आणि मग एकदम येतात. तरीही यंदा जूनमध्ये तीन मुलं संस्थेत परत गेली नाहीत, आईजवळच्या शाळेत नाव घातलं. अधीक्षक बाईंनी मला फोन करून सांगितलं, "माझे तीन पलंग रिकामे झाले." आवाज कडकच होता, पण त्या खूश होत्या.

आता जो मुद्दा ईदच्या जेवणापेक्षा मला जास्त छळतो, त्याकडे येतो. बुजुर्ग समोर बसले आहेत, तरी बोलतो. आपल्याकडे भारतात जो मुस्लिम वारसा कायदा चालतो, त्यात मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर वारलेल्या मुलाच्या पोरांना दादाच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. म्हणजे मूल आधी बाप गमावतं आणि मग घर. कुरआनात सूरह निसाची सुरुवातच यतीमांच्या मालाच्या काळजीने होते, आणि आपण मात्र पोत्याला घराबाहेर काढताना कायदा दाखवतो. इतर देशांनी यावर वाट काढली. इजिप्तने 1946 मध्ये सक्तीच्या वसीयतीचा कायदा केला, पाकिस्तानने 1961 मध्ये अध्यादेश काढून नातवंडांना बापाचा वाटा दिला. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण दादाचे हात कुणी बांधलेले नाहीत. तो हयातीत हिबा करू शकतो, किंवा एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकतो.

आमच्या दादांनी ते केलं. शाळा चौथीपर्यंत, पण अब्बा गेल्यावर दोन वर्षांनी त्यांनी घराचा अर्धा भाग आमच्या नावे हिबा केला. हिबा तोंडीही होतो, ताबा द्यावा लागतो. दादांनी मात्र येवल्याच्या एका ओळखीच्या वकिलाला विचारून तो कागदावर आणला आणि नोंदवला. "ज़बान मर जाती है," म्हणाले. चाचा नाराज होते, वर्षभर आमच्याकडे जेवले नाहीत. मग जेवायला लागले. मी इंजिनिअर झालो यात माझ्या हुशारीचा भाग असेल थोडा, पण डोक्यावर ते छप्पर नसतं तर अम्मीला ते लांबचं यतीमखान्याचं पत्र स्वीकारावं लागलं असतं.

राहिले ते सात. त्यांना खरोखर कोणी नाही, किंवा जे आहेत ते नेत नाहीत. त्यांच्यासाठी संस्था लागणारच, आणि चांगली लागणार. पण त्यांनाही घर मिळू शकतं हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्व घेता येतं. शबनम हाशमी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. मुसलमानांनाही तो मार्ग खुला आहे, सक्ती कुणावर नाही. ज्यांना दत्तकाबद्दल शरियतच्या अंगाने अडचण वाटते, त्यांच्यासाठी किफालत आहे: मुलाचं नाव, नसब त्याच्या बापाचंच, सांभाळ तुमचा. 1989 च्या बालहक्क करारात, कलम 20 मध्ये, किफालतीचा उल्लेख नावाने आहे. कायद्यातली संगोपनाची, म्हणजे फोस्टर केअरची, व्यवस्था याच्या बरीच जवळ जाते. सात मुलांसाठी विंचूर, लासलगाव, निफाड आणि येवल्यात मिळून सात घरं निघणार नाहीत असं मला वाटत नाही. विचारलंय कुणी?

माझी आपा यंदाच्या ईदलाही हॉल बुक करणार नव्हती. तिने भाड्याचे पैसे शाबानमध्येच पाठवून दिले आणि यादी मागवली. खिशांची सूचना या वेळी सगळ्यांसाठी होती.

बाहेरच्या टेबलावर बालसंगोपनाचे कोरे अर्ज ठेवले आहेत, सोबत लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत आणि उर्दूत. कुणाच्या गल्लीत वडील गेलेलं मूल असेल तर अर्ज घेऊन जा. नावातल्या चुका असतील तर उद्या सकाळी साडेदहाला आम्ही चार जण निफाडला तहसीलमध्ये जाणार आहोत, दोन गाड्या आहेत, त्यात अजून तीन जणांची जागा आहे. ज्यांना मुलाच्या संकटाची माहिती लगेच द्यायची असेल त्यांनी 1098 लावा, रात्रीही लागतो.